योनालाही जहाज मिळालं होतं

निनवेला जा, या देवाच्या आज्ञेपासून पळून जायला बायबलमधला संदेष्टा योना याफोच्या बंदरावर पोचला, तेव्हा तार्शीशला जाणारं जहाज नेमकं तिथे उभं होतं. भाड्याचे पैसे जवळ होते, ते त्याने भरले. पुढे समुद्र खवळला, खलाशी घाबरले, तेव्हा हा जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. दार उघडलं, पैशाची सोय झाली, मनाला शांती मिळाली. आपल्या मंडळ्यांमध्ये 'प्रभूने मार्ग दाखवला' अशी साक्ष ज्या तीन गोष्टींवरून दिली जाते, त्या तिन्ही योनाकडे होत्या. फक्त तो निनवेच्या उलट दिशेला निघाला होता.

मुंबईतून नेपाळला, आफ्रिकेला किंवा आखातात सेवेसाठी निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कुणी दोन आठवड्यांच्या टीमबरोबर जाणारं असेल, कुणी दोन वर्षांसाठी. मार्गदर्शन मिळत नाही अशी तक्रार असते तेव्हा प्रार्थना कमी पडलेली असतेच असं नाही. बहुतेक वेळा प्रश्नच नीट विचारलेला नसतो. 'प्रभू, मला वापर' ही प्रार्थना चांगलीच आहे, पण तिचं उत्तर आलं हे ओळखायचं कशावरून?

परक्या राजाच्या दरबारात चाकरी करणाऱ्या नहेम्याकडे बघा. किसलेव महिन्यात त्याला यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी कळली आणि राजाशी बोलायची संधी आली नीसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने उपास आणि प्रार्थना. पण राजाने विचारलं, किती दिवस लागतील, परत कधी येशील, तेव्हा नहेम्या गांगरला नाही. त्याने मुदत सांगितली. नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना दाखवायला पत्रं मागितली. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडासाठी वेगळं पत्र मागितलं, आणि लाकूड कशाकशाला लागणार तेही सांगितलं. आजच्या भाषेत व्हिसा, शिफारसपत्र, साहित्याची यादी आणि परतीची तारीख. चार महिन्यांच्या प्रार्थनेतून माणूस इतका नेमका होऊन बाहेर पडला होता.

म्हणून पहिलं काम प्रश्न बारीक करण्याचं. 'जायचं का?' हा एकच प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात निदान पाच असतात. मी जायचं का, कुठे, कुणाच्या हाताखाली, किती काळ, आणि मागे राहणाऱ्या घरच्यांचं काय. पाचही उत्तरं एका रात्रीत येत नाहीत आणि एका क्रमानेही येत नाहीत. अंत्युखियाच्या मंडळीला प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये फक्त 'कोण' एवढं कळलं: बर्णबा आणि शौल, म्हणजेच पौल. कुठे जायचं ते त्या वचनात नाही. ते आधी कुप्रला गेले, आणि कुप्र हे बर्णबाचं मूळ ठिकाण. ओळखीच्या मुलखापासून सुरुवात करायला त्यांना वेगळ्या दृष्टान्ताची गरज पडलेली दिसत नाही.

काही प्रश्न तर विचारायचेच नसतात. व्हिसाच्या अर्जावर खोटं कारण लिहायचं का, यासाठी प्रार्थनेची गरज नाही. उत्तर दहा आज्ञांमध्ये आहे.

प्रश्न ठरला की वही. साधी शंभर पानी चालते. मोबाईलमधल्या नोंदी मागे जाऊन बदलता येतात, म्हणून मी वहीच सुचवतो. एका प्रश्नाला एक पान, आणि पानावर साधारण असं:

तारीख.
प्रश्न: येत्या ऑक्टोबरात नेपाळच्या टीमबरोबर १४ दिवस जायचं का?
माहीत असलेलं: रजा १० दिवस शिल्लक. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. तिथल्या मंडळीचं बोलावणं आलंय.
माझं मन कुठे झुकतंय: जायचंच आहे.
काय घडलं तर 'नाही' समजायचं: ऑपरेशन ऑक्टोबरात ठरलं आणि घरी दुसरं कुणी नसलं तर. वरची रजा मंजूर झाली नाही तर.
बरोबर प्रार्थना करणारे: चौघांची नावं.
पुन्हा बघायची तारीख.

यातली पाचवी ओळ सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. ती आधी लिहिलेली नसली की नंतर सगळंच 'हो' वाटायला लागतं. रजा मिळाली तर प्रभूने दिली, नाकारली तर सैतान अडवतोय. असा हिशेब ठेवला तर उत्तर प्रार्थना सुरू करण्याआधीच ठरलेलं असतं. चौथी ओळही प्रामाणिकपणे भरा. मनाचा कल असणं हे पाप नाही. तो लपवला की मात्र तोच पुढे 'आत्म्याची प्रेरणा' असं नाव घेऊन येतो.

माहिती काढणं हा अविश्वास नव्हे, हेही सांगायला हवं, कारण काही मंडळ्यांमध्ये तसं मानलं जातं. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणाऱ्या ६५ वर्षांपर्यंतच्या प्रौढ माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. त्याला आधार कार्डावर जाता येत नाही. केनिया-युगांडाकडे जायचं तर यलो फिव्हरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्र १० दिवसांनीच लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. प्रमाणपत्राशिवाय तिकडून परतलात तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घ्यायला विसरणाऱ्याची अडवणूक झाली तर तो आत्मिक हल्ला नसतो.

पैशाबद्दलही तेच. मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय म्हणून नोंदलेला असेल तर त्याचा पैसा भारताबाहेर खर्च केल्यावर त्या रकमेला एरवीची करसवलत मिळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. हे आधी सीएला विचारा. बजेटमध्ये परतीचं तिकीट, वैद्यकीय विमा आणि एक महिन्याचा जादा खर्च धरा आणि मग त्या पूर्ण आकड्यासाठी प्रार्थना करा. अर्ध्या आकड्यासाठी प्रार्थना करायची आणि उरलेलं 'प्रभू बघेल' म्हणायचं, याचा भार शेवटी तिथल्या गरीब मंडळीवर पडतो. पाहुण्याला उपाशी ठेवणं त्यांना जमत नाही.

आता चिन्हांबद्दल. गिदोनाने देवाकडे खूण मागायला पसरलेली लोकर सगळ्यांना पाठ असते, पण त्याला आज्ञा आधीच मिळालेली होती हे विसरलं जातं. लोकर त्याने काय करायचं हे कळावं म्हणून पसरली नव्हती, भीती जावी म्हणून पसरली होती. पवित्र शास्त्र डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, ही सवय तर सोडाच. नेहमीच्या क्रमाने रोजचा भाग वाचत राहा. जे वचन आपण निवडलेलं नाही आणि क्रमाने समोर आलंय, ते आपल्या इच्छेला अडवण्याची शक्यता जास्त असते.

उघडं दार हेही चिन्ह म्हणून तितकं सोपं नाही. २ करिंथ २ मध्ये पौल लिहितो की त्रोवसला दार उघडलेलं होतं, पण सोबती तीत भेटला नाही म्हणून मनाला चैन पडेना, आणि तो पुढे मासेदोनियाला निघून गेला. उलट १ करिंथ १६ मध्ये इफिसात मोठं दार उघडलंय आणि विरोधकही पुष्कळ आहेत असं म्हणून तो तिथेच थांबतो. व्हिसा मिळाला याचा खात्रीचा अर्थ एकच, कागद बरोबर होते. नाकारला गेला तर नकाराचं कारण आधी वाचा. बँक स्टेटमेंट कमी पडलं, आमंत्रणपत्रातली तारीख अर्जाशी जुळली नाही, पासपोर्टची मुदत ६ महिन्यांपेक्षा कमी उरली, अशा कारणाला उपाय असतो. चूक दुरुस्त करा आणि मग प्रश्न पुन्हा प्रभूपुढे ठेवा.

बंद दाराचा धडा मुंबईच्या मराठी ख्रिस्ती इतिहासातच आहे. १८१२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या मिशनरींच्या पहिल्या तुकडीला ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यातून निघून जायला सांगितलं. हुकूम सगळ्यांना सारखाच. त्यातले ॲडोनिराम जडसन मॉरिशस आणि मद्रासमार्गे १८१३ च्या जुलैत रंगूनला पोचले आणि ब्रह्मदेशात राहिले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईला आले. इथेही त्यांना परत पाठवायची तयारी झाली होती, पण हॉल यांनी गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्याकडे लेखी विनवण्या केल्या आणि अखेर राहू दिलं गेलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथून सुरू झालं. सॅम्युएल न्यूवेल यांनी मॉरिशसमध्ये पत्नी गमावली, ते सिलोनला गेले आणि १८१४ मध्ये मुंबईला येऊन मिळाले. एकाच बंद दारातून तीन वाटा निघाल्या: एकाने देश बदलला, एकाने अर्ज केला, एक वळसा घालून आला. दारावर 'हा देवाचा नकार' किंवा 'हा फक्त माणसाचा' अशी पाटी कुणालाच दिसली नव्हती.

त्याहून जुना दाखला वसईचा आहे. गोन्सालो गार्सिया तरुणपणी जेसुइट या कॅथलिक संघाच्या लोकांबरोबर जपानला गेले, धर्मशिक्षणाचं काम केलं, भाषा शिकले. जेसुइट संघात प्रवेश हवा होता, तो मिळाला नाही. मग व्यापार केला, मनिलाला गेले आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांना जपानला जायचं होतं तेव्हा दुभाषा म्हणून तेच हवे होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ते इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. ज्या वर्षांत नुसता नकारच पदरात होता, त्याच वर्षांतली जपानी भाषा नंतर कामाला आली. नकार मिळालेल्यांनी वहीत एक ओळ जरूर लिहावी: या वाट पाहण्याच्या काळात मी काय शिकतोय?

प्रेषितांची कृत्ये १६ हा अध्याय तर नकाशा समोर ठेवूनच वाचावा. आजच्या तुर्कस्तानात पौल आणि सोबती पश्चिमेकडे चाललेत. आसिया प्रांतात वचन सांगायला आत्म्याने मनाई केली. मुसियाजवळून बिथुनियात जायचा प्रयत्न केला, तोही अडला. दोन नकार, कारण एकाचंही सांगितलेलं नाही. ते थांबून बसले नाहीत, की चिडून घरीही परतले नाहीत. जी दिशा उरली होती तिकडे चालत त्रोवसला आले. हे बंदर. पुढे समुद्र, नाहीतर मागे फिरायचं. तिथे रात्री पौलाला मासेदोनियाचा माणूस दिसला.

दृष्टान्तात काय मिळालं? प्रांताचं नाव. शहर नाही, घर नाही, मुदत नाही. आणि पाहिलं एकट्या पौलाने, पण देवाने बोलावलंय हा निष्कर्ष 'आम्ही' काढला असं लेखक म्हणतो. त्या पुस्तकात 'आम्ही' इथूनच सुरू होतं. पुढे फिलिप्पैत शब्बाथ दिवशी नदीकाठी प्रार्थनेची जागा असेल असा अंदाज बांधून ते गेले. दृष्टान्तात पुरुष होता, पण नदीकाठी भेटल्या बायका. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या थुवतीराच्या लुदियेने आधी विश्वास ठेवला आणि तिच्या घरी ते उतरले. दृष्टान्ताशी तंतोतंत जुळणारा पुरुष शोधत बसले असते तर लुदिया हुकली असती. त्यानंतर फटके आणि तुरुंग. मार्गदर्शन बरोबर होतं तरीही.

'आम्ही' हा भाग आपल्याकडे सगळ्यात कच्चा. मंडळीत पाळकसाहेब आधी बोलले की बाकीचे आमेन म्हणतात आणि त्यालाच एकमत म्हणतात. यावर साधा उपाय आहे. चार-पाच जण निवडा. एक पैशाचा हिशेब कळणारा, एक परदेशात राहून आलेला, एक तुम्हाला घरात रागावलेलं पाहिलेला, आणि एक तोंडावर 'नाही' म्हणू शकणारा. प्रश्न सगळ्यांना एकाच शब्दांत लिहून द्या, दोन आठवडे द्या, आणि प्रत्येकाकडून उत्तर स्वतंत्रपणे लिहून घ्या. बैठक त्यानंतर. पाळकांनी शेवटी बोलावं. लग्न झालं असेल तर नवरा किंवा बायको या चौघांत मोजायची नाही. तिचा किंवा त्याचा होकार नसेल तर प्रश्न तिथेच थांबतो.

प्रार्थनासभेत कुणी 'प्रभू म्हणतो' म्हणून तुमच्याबद्दल संदेश दिला तर तो तारखेसह लिहून घ्या, पण त्यावर तिकीट काढू नका. अगब या संदेष्ट्याची गोष्ट इथे उपयोगी पडते. पौलाला यरुशलेमात बांधतील हे त्याने सांगितलं, ते खरं ठरलं. जमलेल्यांनी त्यावरून 'मग जाऊ नको' असं ठरवलं. पौल मात्र गेला. म्हणजे काय दाखवलं गेलं, त्याचा अर्थ काय, आणि आता करायचं काय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर खरं असूनही तिसऱ्याचं चुकू शकतं.

उपासाबद्दल थोडक्यात. गुरुवारच्या रात्रीच्या जेवणापासून शुक्रवारच्या रात्रीपर्यंत, पाणी भरपूर, सोडताना वरणभात. लोकलने डोंबिवली-सीएसएमटी करणाऱ्याला एवढा पुरतो. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी अन्नाचा उपास करू नये. मोबाईलचा करावा, तो जास्त जड जातो. उपासाच्या शेवटच्या तासाला निर्णय घेऊ नका, तो दुसऱ्या दिवशी जेवल्यावर घ्या.

परदेशात पोचल्यावर खरी परीक्षा. इथे ठरलेलं तिथे बदलावं लागतं, आणि टीममधल्या एखाद्याला अचानक 'आज दुसऱ्या गावी जा' असं वाटतं. रोजचा क्रम आधीच ठरवून न्या. सकाळी अर्धा तास: एकत्र वाचन, दहा मिनिटं पूर्ण शांतता, मग प्रत्येकाने एका वाक्यात काय मनात आलं ते सांगायचं, चर्चा न करता. रात्री पंधरा मिनिटं: सकाळी काय वाटलं होतं आणि दिवसभरात काय झालं. दहानंतर कुठलाही निर्णय नाही.

शेवटचा शब्द स्थानिक मंडळीचा, टीमप्रमुखाचा नाही. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई आहे आणि २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आहे. मुंबईच्या पाहुण्याला प्रार्थनेत वाटलं म्हणून त्याने चौकात पत्रकं वाटली, तर तो कदाचित परत पाठवला जाईल. खटला तिथल्या पाळकावर आणि त्याच्या मुलाबाळांवर येईल. तिथल्या भावाने 'नको' म्हटलं की नको. त्यालाही आत्मा आहे आणि त्याला गल्ली माहीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडतं, खोलीतल्या सोबत्याशी भांडण होतं, आणि 'प्रभू मला परत बोलावतोय' असं वाटायला लागतं. कॅथलिक संत इग्नाती लोयोला यांचा जुना नियम इथे प्रॉटेस्टंटांनीही वापरावा: मन उदास असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. संदेष्टा एलियाला झुडपाखाली मरावंसं वाटलं तेव्हा दूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगरावर देवाचा मंद आवाज ऐकू आला तो नंतर. ताप असेल तर आधी डॉक्टर. मलेरियाच्या भागात ताप म्हणजे त्याच दिवशी रक्ततपासणी. पोटात अन्न आणि दोन रात्रींची झोप झाल्यावरही तेच वाटत असेल तर मुंबईतल्या चौघांना फोन करा. छळ, हिंसा किंवा पैशाची अफरातफर असेल तर मात्र दोन रात्रीही थांबू नका, लगेच बाहेर पडा.

मुंबईत मागे राहणाऱ्या प्रार्थना गटाचीही शिस्त हवी. एकच समन्वयक, गट लहान, आणि संदेशात स्थानिक विश्वासणाऱ्यांची नावं, गावं, फोटो, बाप्तिस्म्याचे व्हिडिओ अजिबात नाहीत. फॉरवर्ड झालेला फोटो परत घेता येत नाही. यूएईत असाल तर वॉट्सॲपचा व्हॉइस कॉल सहसा लागत नाही, म्हणून लिहून पाठवायचं ठरवा. वेळ भारताची लिहा: काठमांडू आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, नैरोबी अडीच तास मागे. 'आमच्यासाठी प्रार्थना करा' यापेक्षा 'मंगळवारी दुपारी २ ते ४ इमिग्रेशन कार्यालयात आहोत' असं कळवा. आणि काय झालं ते त्याच संध्याकाळी सांगा, नकार मिळाला तरी. गट थंडावतो तो उत्तर न मिळाल्याने नव्हे, उत्तर न कळवल्याने.

परतल्यावर पौल आणि बर्णबाने अंत्युखियात मंडळी जमवून सगळं सांगितलं होतं. तुम्हीही पहिल्या रविवारी साक्ष द्या, पण वही त्या चौघांपुढे वेगळी ठेवा, खर्चाच्या पावत्यांसह. जिथे 'प्रभूने सांगितलं' असं लिहिलं होतं आणि तसं घडलं नाही, त्या नोंदी खोडू नका. पुढच्या टीमला त्याच सगळ्यात कामाच्या असतात. कायमचं तिकडे जायचं का, हा प्रश्न विमानतळावरून घरी येताना टॅक्सीत सोडवू नका. त्यासाठी नवीन पान घ्या आणि पुन्हा बघायची तारीख निदान तीन महिन्यांनंतरची टाका.